एम.टेक. डिझाइनमध्ये, नोकरी रिव्हिजन मारण्याची

प्रश्न चाकणहून आला आहे. विचारणाऱ्या ताई २८ वर्षांच्या, मेकॅनिकल करून पुढे डिझाइनमध्ये एम.टेक. झालेल्या. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ‘डिझाइन इंजिनिअर’ म्हणून लागून अडीच वर्षं झाली. प्रत्यक्षात काम असं की ईसीएन, म्हणजे बदलाची चिठ्ठी, आली की ड्रॉइंग उघडायचं, एखादं माप किंवा नोट बदलायची, रिव्हिजन, म्हणजे ड्रॉइंगची आवृत्ती, ‘सी’ची ‘डी’ करायची, सॅप या सॉफ्टवेअरमध्ये बीओएम, म्हणजे सुट्या भागांची यादी, दुरुस्त करायचं आणि सह्या गोळा करत फिरायचं. थिसिससाठी शिकलेलं ॲनालिसिस त्यानंतर एकदाही लागलं नाही. पगार वेळेवर होतो, मोशीच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे. सासरी-माहेरी दोन्हीकडे एकच ऐकायला मिळतं, ‘एसीत बसून काम आहे, पगार मिळतोय, अजून काय पाहिजे?’ नवरा हिंजवडीत आयटीत. तो म्हणतो, जावा शिक आणि इकडे ये. त्यांचा प्रश्न: सोडू, सोसू की आयटीत जाऊ?

मी भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कंपन्यांत एचआर आणि ट्रेनिंग सांभाळून निवृत्त झाले, आता याच मंडळींना नोकरीबद्दल सल्ला देते. तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजू माहीत आहेत. उत्तर आधीच सांगते. आत्ता सोडू नका आणि नुसतं सोसूही नका. ज्या ईसीएनच्या ढिगाला तुम्ही कंटाळला आहात, त्यातच तुमच्या लायकीचं काम दडलेलं आहे. ते दिवाळीपर्यंत बाहेर काढा. कंपनीने ते ओळखलं तर ठीक, नाही ओळखलं तर तेच हातात घेऊन दुसरीकडे जा. कसं, ते पुढे सविस्तर.

आधी घरच्यांचं. त्यांच्याशी वाद घालू नका, कारण ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. ज्यांनी टेल्कोत किंवा बजाजमध्ये लागण्यासाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली, मंदीत ले-ऑफ पाहिला, त्यांना कमी त्रासाची नोकरी हा त्रास वाटणं अवघडच. पण तुम्हाला होतंय ते नखरे नाहीत. जास्त कामाने माणूस जळतो हे सगळ्यांना पटतं. कमी किंवा हलक्या कामानेही तो तसाच थकतो, हे २००७ मध्ये दोन स्विस सल्लागारांनी ‘बोअरआउट’ या नावाने मांडलं. पॅरिसच्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये एका कर्मचाऱ्याला, त्याच्याकडून काम काढून घेऊन त्याला रिकामं बसवलं म्हणून, नुकसानभरपाईसुद्धा द्यायला लावली. आपल्याकडे असा दावा कोणी करत नाही आणि तुम्हीही करू नये, पण संध्याकाळी बसमधून उतरताना काहीच न करता अंगातली शक्ती गेल्यासारखं वाटतं, त्याला काहीतरी नाव आहे एवढं लक्षात ठेवा.

आता निदान. ‘माझं शिक्षण वाया जातंय’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांत तीन वेगवेगळे आजार असतात आणि तिघांनाही वाटतं आपल्याला एकच झालंय. पहिला, कामच नाही. आयटीत बेंचवर बसलेली मुलं, किंवा प्रोजेक्ट रद्द झाल्यावर उरलेली टीम. हे बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप सुटतं, नाहीतर नोकरी जाते. दोन्हीत तुमच्या हातात फारसं काही नसतं. दुसरा, काम भरपूर पण खालच्या पायरीचं. तुमचं हे. तिसरा, काम तुमच्या तोडीचं असतं पण निर्णय एकही तुमचा नसतो. जर्मनीतून किंवा जपानमधून मेल येतो आणि इथे फक्त अंमलबजावणी होते. तिसऱ्या आजारावर कंपनीच्या आत राहून इलाज जवळजवळ नाही, तिथे मी लोकांना सरळ बाहेरची वाट दाखवते. दुसऱ्यावर आहे.

हॅकमन आणि ओल्डहॅम या दोघांनी १९७६ मध्ये कामाची पाच अंगं सांगितली होती आणि मी आजही ती वापरते. कामात किती प्रकारची कौशल्यं लागतात, कामाचा आदि-अंत आपल्याला दिसतो का, त्याने कोणाला फरक पडतो का, आपल्याला मोकळीक किती आणि काम बरं झालं की वाईट हे कळतं का. तुमचं काम यावर ठेवून बघा. कौशल्य एकच. मोकळीक नाही. पण मला विचाराल तर तुम्हाला सगळ्यात जास्त खातंय ते दुसरं आणि पाचवं. तुम्ही माप बदलता, पण ते का बदललं हे तुम्हाला कोणी सांगत नाही, आणि बदलल्यावर लाइनवर काय झालं तेही कळत नाही. दोन्ही टोकं कापलेली. म्हणजे नुसतं ‘चॅलेंजिंग काम’ मागून भागणार नाही. ती कापलेली टोकं जोडून घ्यावी लागतील. सुदैवाने ते करायला कोणाची परवानगी लागत नाही. शॉप फ्लोअरवर चालत जावं लागतं.

त्याआधी एक कडू गोष्ट, एचआरच्या बाजूची. तुम्हाला मुद्दाम हलकं काम दिलेलं नाही. कंपनीत एक खुर्ची रिकामी झाली, तिच्यावर ‘डिझाइन इंजिनिअर’ लिहिलेलं होतं, बाजारात एम.टेक. मिळत होते, म्हणून एम.टेक. घेतला. डिप्लोमावाला चालला असता. मुलाखतीत तुमचा थिसिस विचारला तो तुमची पारख करायला. त्या थिसिसचं कंपनीत काही होणार नव्हतं. आणि आता तुमच्या सरांची गंमत बघा. त्यांच्या केआरएमध्ये, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या उद्दिष्टांत, ‘ईसीएन वेळेत बंद’ ही ओळ आहे. तुम्ही ईसीएन चोख बंद करता. मग ते तुम्हाला त्यातून का सोडतील? जो काम नीट करतो त्याच्याच गळ्यात ते पडतं, आणि जो पाट्या टाकतो त्याची एक दिवस दुसरीकडे बदली होते. ही कंपन्यांमधली जुनी रीत आहे. म्हणून काही मुलं मुद्दाम काम बिघडवतात. ते करू नका, पुणे तसं लहान गाव आहे, चाकणच्या क्वालिटी हेडला भोसरीचा क्वालिटी हेड ओळखतो.

आता मुख्य भाग.

तुमच्याकडे एक अशी गोष्ट आहे जी कंपनीत दुसऱ्या कोणाकडे एकत्र नाही: अडीच वर्षांच्या सगळ्या ईसीएनची यादी. त्यात ‘बदलाचे कारण’ असा एक रकाना असतो आणि तो बहुधा कोणीतरी उरकून भरलेला असतो. ‘असेंब्ली अडचण’, ‘ग्राहकाची मागणी’, ‘ड्रॉइंग दुरुस्ती’. गेल्या वर्षाचे सगळे ईसीएन एका शीटमध्ये घ्या आणि पार्ट नंबरवर लावा. कोणत्या पार्टचं नाव पुन्हापुन्हा येतंय ते बघा. मी खात्रीने सांगते, चार-पाच पार्ट असे निघतील की ज्यांच्यामागे सगळी कंपनी धावते आहे आणि कोणालाच ते एकत्र दिसलेलं नाही, कारण प्रत्येक ईसीएन वेगळ्या महिन्यात, वेगळ्या माणसाने काढलेला असतो.

एक उदाहरण मांडते, आकडे समजण्यापुरते धरले आहेत. एक ब्रॅकेट. फ्रेमवर वेल्ड केलेले दोन नट, त्यात ब्रॅकेट दोन एम-८, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीच्या, बोल्टने बसतं. पहिल्या ड्रॉइंगमध्ये भोकं ८.४ मिलिमीटरची. लाइनवर बोल्ट लागेना, मग ईसीएन आला, भोक ९ करा. काही महिन्यांनी पुन्हा दर काही फ्रेममागे एक अडतेय, पुन्हा ईसीएन, एका भोकाचा ९ बाय १२ चा स्लॉट, म्हणजे लांबट भोक, करा. तुम्ही दोन्ही रिव्हिजन मारल्या. आता बेरीज करा. फ्रेमवर दोन नटांमधलं अंतर उणे-अधिक १ मिलिमीटर, ब्रॅकेटच्या दोन भोकांमधलं अंतर उणे-अधिक अर्धा. म्हणजे वाईटात वाईट परिस्थितीत दोघांत दीड मिलिमीटरची तफावत. ८.४ च्या दोन भोकांत एम-८ बोल्टला सरकायला जागा मिळते ०.४. नऊच्या भोकांत मिळते १. दीड कुठे बसणार? एक भोक नऊचं ठेवून दुसऱ्याचा स्लॉट केला की जागा होते अडीच, तेव्हा बसलं. कागद-पेन्सिल घेऊन दहा मिनिटांचा हिशेब. तो पहिल्याच दिवशी झाला असता तर मधले बदल झालेच नसते. आणि मधला प्रत्येक बदल म्हणजे पंच बदलणं, सप्लायरकडे पडलेल्या मालाचं रीवर्क, ग्राहकाकडून पार्टची नव्याने मंजुरी, म्हणजे पीपीएपी.

इथपर्यंत टॉलरन्स स्टॅक-अप, म्हणजे मापांतल्या फरकांची बेरीज, झालं. पुढे तुमचं एम.टेक. सुरू होतं. स्लॉट केला म्हणजे आता ते ब्रॅकेट त्या दिशेने फक्त घर्षणावर उभं आहे. बोल्टचा ताण पुरेसा आहे का? वॉशर स्लॉट नीट झाकतोय का? गाडी चाकण-तळेगाव रस्त्यावर खडखडत गेली तर जॉइंट सरकेल का? हे प्रश्न त्या ईसीएनवर सही करणाऱ्या पाच माणसांपैकी कोणी विचारले का? मला शंका आहे. विचारायला कोणी नव्हतं म्हणून नाही. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने बघितलं असेल.

असा एकच पार्ट निवडा. लाइनवर जा, ब्रॅकेट बसवणाऱ्या ऑपरेटरशी बोला, त्याला ‘दादा, हे कधी अडतं?’ एवढंच विचारा आणि मग गप्प राहा. कोणत्या पाळीत जास्त अडतं, कोणत्या फिक्स्चरवर वेल्ड झालेली फ्रेम त्रास देते, हे त्याला पाठ असतं आणि त्याला हे विचारायला डिझाइनमधून कोणी आलेलं नसतं. मापं क्वालिटीवाल्यांकडून घ्या. मग दोन पानं लिहा: काय होतंय, का होतंय, किती वेळा झालं, काय केलं तर थांबेल. दोन पानांच्या वर गेलात तर कोणी वाचणार नाही, पीपीटी तर बिलकूल नको.

तुम्ही म्हणाल, हे माझं काम नाही. बरोबर, नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधिकांनी हॉस्पिटलच्या सफाई कर्मचाऱ्यांच्या उदाहरणावरून हेच दाखवलं होतं. एकाच हुद्द्यावरची काही माणसं नेमून दिलेलंच करत होती, तर काहींनी रुग्ण आणि नर्स यांच्या गरजेप्रमाणे आपलं काम स्वतःच थोडं वाढवून, वळवून घेतलं होतं, आणि त्यांना त्याच कामात अर्थ वाटत होता. मला या संशोधनाबद्दल एक तक्रार आहे: कंपन्या त्याचा उपयोग ‘पगार तोच, काम जास्त, आनंद मानून घ्या’ असा करतात. म्हणून मी त्याला मुदत जोडते. जास्तीचं काम करायचं ते दिवाळीपर्यंत, आणि ते कागदावर दिसेल असं करायचं. कायमचं फुकट नाही.

आता सरांशी बोलणं. मार्चएन्डला नको, डिस्पॅचच्या धावपळीत माणूस कशालाही ‘बघू’ म्हणतो. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये तर नकोच, तिथे प्रत्येक वाक्य पगारवाढीची मागणी वाटते. एखाद्या साध्या दिवशी, दुपारच्या चहानंतर. आणि ‘सर, मला चॅलेंजिंग काम द्या’ हे वाक्य तोंडातून काढू नका. त्याचा ऐकणाऱ्याच्या कानात अर्थ होतो, ‘आत्ताचं काम मला कमीपणाचं वाटतं’ किंवा ‘मी दुसरीकडे इंटरव्ह्यू देतेय’. मागायचं ते नाव घेऊन मागा. साधारण असं:

‘सर, त्या ब्रॅकेटचे वर्षभरात दोन ईसीएन झाले, मी कारण शोधलंय, दोन पानं आहेत. असेच अजून चार पार्ट आहेत. मला गुरुवारची दुपार त्यासाठी द्याल का? ईसीएन मागे पडणार नाहीत. नवीन अप्रेंटिस मुलगा आहे ना, त्याला साध्या रिव्हिजन मी शिकवते, चेकिंग माझ्याकडे ठेवते.’

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. तुम्हाला सोडलं तर रिव्हिजन कोण मारणार, ही त्यांची खरी भीती. तिचं उत्तर तुम्हीच घेऊन गेलात तर अर्धं काम झालं. त्या मुलासाठी एक पानाची चेकलिस्ट करा. (त्यालाही पुढे तुमच्यासारखंच वाटेल, हे मला माहीत आहे. डिप्लोमानंतरचं पहिलं वर्ष असेल तर त्याच्यासाठी मात्र ते काम खरोखर शिकण्याचं आहे.)

हो म्हणाले तर दोन-तीन महिन्यांनी, निकाल दिसल्यावर, ते केआरएमध्ये लिहून घ्या. ‘वारंवार होणाऱ्या ईसीएनचं मूळ कारण शोधणं’ अशी एक ओळ. तोंडी मिळालेली दुपार पहिल्या ऑडिटला जाते. केआरएमधली ओळ सहसा जात नाही. नाही म्हणाले तर रागावू नका, तेच काम कायझेन, म्हणजे सुधारणेची सूचना, म्हणून किंवा क्वालिटी सर्कलमधून मांडा. तिथे प्रोत्साहनपर मिळणारा टिफिनचा डबा आणि प्रमाणपत्र हास्यास्पद असतं हे मान्य, पण प्लँट हेड तिथे बसलेला असतो आणि तुमचं नाव त्याच्या कानावर जातं. सरांना डावलून थेट वरच्या साहेबांकडे मात्र जाऊ नका. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला.

आणखी एक प्रामाणिक प्रश्न स्वतःला विचारा. कंपनीतल्या कोणत्या माणसाचं काम उद्यापासून तुम्ही करू शकाल? नाव डोळ्यांसमोर आलं तर तुमची तक्रार खरी आहे. नाव आलं नाही तर कदाचित पदवी मोठी आहे आणि हात अजून तयार व्हायचा आहे. तेही वाईट नाही, पण मग उपाय वेगळा, आधी शिकणं. अडीच वर्षं न वापरलेलं ॲनालिसिस थोडं तरी गंजलेलं असणारच.

त्याची सोय घरी होते. एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे फायनाइट एलिमेंटचे, म्हणजे भागाचे बारीक तुकडे कल्पून त्यावरचा ताण काढण्याच्या पद्धतीचे, कोर्स फुकट बघता येतात, फी फक्त परीक्षेची. फ्रीकॅड आणि कॅल्क्युलिक्स ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत नोकरी करणाऱ्यांसाठी छोटे कोर्स होतात, कंपनीने पैसे दिले तर जरूर जा. स्वतःच्या खिशातून महागडा कोर्स आत्ता करू नका. आणि एक पक्कं: कंपनीचं एकही ड्रॉइंग घरच्या लॅपटॉपवर आणू नका, स्वतःला मेल करू नका. सराव करायचाय तर घरातल्या गॅलरीचा कपडे वाळवायचा ब्रॅकेट मोजा आणि त्याचं मॉडेल करा. डेटा बाहेर नेल्याचं एक प्रकरण अंगाशी आलं की पुढची नोकरीही धोक्यात येते.

पुण्यात अजून एक जागा आहे, जी फार थोड्यांना सुचते. इथल्या बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांत बाहा किंवा फॉर्म्युला या विद्यार्थ्यांनी गाडी बनवण्याच्या स्पर्धांची टीम असते. ती मुलं रात्र-रात्र जागून चॅसी वेल्ड करतात, रंगीत स्ट्रेस प्लॉट काढतात, आणि त्यातले निम्मे चुकीच्या बाउंडरी कंडिशनवर, म्हणजे भाग कुठे पकडलाय याच्या चुकीच्या गृहीतावर, उभे असतात. त्यांना महिन्यातून दोन शनिवार कोणी तपासून देणारं हवं असतं. पैसे मिळत नाहीत, म्हणून दुसरी नोकरी केल्याचा आरोपही येत नाही. दुसऱ्याचं मॉडेल तपासताना आपलं डोकं जितकं चालतं तितकं व्हिडिओ बघताना चालत नाही. पैसे घेऊन बाहेरची कामं मात्र नेमणूकपत्र वाचल्याशिवाय घेऊ नका. २०२२ मध्ये एका मोठ्या आयटी कंपनीने प्रतिस्पर्ध्यांकडे लपून काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं होतं, आणि दोन ठिकाणचा पीएफ एकाच यूएएन या पीएफ क्रमांकावर दिसतो.

काही जण म्हणतील, नोकरी पोटापुरती ठेवा, कौशल्य दुसरीकडे वापरा. हा मार्ग खोटा नाही. पुण्याची प्रायोगिक रंगभूमी बँकेत, शाळेत आणि कारखान्यात दिवस काढणाऱ्यांनीच चालवली. सी. व्ही. रामन १९०७ पासून दहा वर्षं, बहुतेक काळ कोलकात्यात, अर्थखात्यात अधिकारी होते आणि संशोधन ऑफिसच्या आधी-नंतर करत. पण हे उदाहरण देणारे पुढचं सांगत नाहीत. रामनना राबायला एक प्रयोगशाळा मिळालेली होती, आणि १९१७ मध्ये विद्यापीठाचं प्राध्यापकपद हातात आल्यावर त्यांनी कमी पगार पत्करून सरकारी नोकरी सोडलीच. तुमचा थिसिसचा विषय तुम्हाला रात्री अकरा वाजता ओढत असेल तर हा मार्ग. तसं नसेल तर दिवसाचं कामच सुधारायला हवं.

समजा दिवाळी आली आणि काही हललं नाही. तोवर तुमच्याकडे चार-पाच पार्टांचं काम झालेलं असेल. पार्टचं नाव, ग्राहकाचं नाव न घेता ते बायोडाटात लिहिता येतं: वारंवार येणाऱ्या बदलांचं कारण शोधलं, अमुक हिशेब केला, बदल थांबले. ‘ड्रॉइंग मॉडिफिकेशन’ लिहिलेल्या बायोडाटापेक्षा याला फोन येतात.

पण जागा निवडताना डोळे उघडे ठेवा. पुण्यात सीएईची, म्हणजे कॉम्प्युटरवर ॲनालिसिस करण्याची, कामं मुख्यतः हिंजवडी, बाणेर, खराडीतल्या परदेशी कंपन्यांच्या इंजिनिअरिंग सेंटरांत आणि त्यांना माणसं पुरवणाऱ्या सर्व्हिस कंपन्यांत आहेत. नाव ‘सीएई इंजिनिअर’, आणि काम सकाळपासून रात्रीपर्यंत नुसतं मेशिंग, म्हणजे मॉडेलचे ते बारीक तुकडे, एलिमेंट, पाडत बसणं. सॉल्व्ह तिकडे होतं, निष्कर्ष तिकडे निघतो. आगीतून फुफाट्यात पडलेली अशी कितीतरी मुलं माझ्याकडे येतात, रिव्हिजनऐवजी एलिमेंट मोजणारी. म्हणून मुलाखतीत शेवटी ‘काही विचारायचंय?’ म्हणतात तेव्हा पगाराच्या रचनेवर वेळ घालवू नका. विचारा की रिपोर्टवर सही कोणाची असते. लोडकेस, म्हणजे भागावर कोणता भार धरायचा, हे कोण ठरवतं. टेस्टचे आकडे आले की कोरिलेशन, म्हणजे ते हिशेबाशी ताडून बघणं, इथे होतं का. आधीचा माणूस कुठे गेला. पहिले तीन महिने मी काय करणार. शेवटच्या प्रश्नावर समोरचा मॅनेजर गुळमुळीत बोलला, तर त्यालाही माहीत नाही, आणि तुम्ही पुन्हा एका रिकाम्या खुर्चीवर बसणार आहात.

पैशाचं चटकन उरकते. ग्रॅच्युइटीसाठी कायम कर्मचाऱ्याला पाच वर्षं लागतात, आणि तेवढ्यासाठी अजून अडीच वर्षं काढणारे लोक मी पाहिले आहेत. हिशेब करा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ४०,००० धरला, तर १५ भागिले २६ गुणिले पाच वर्षं, म्हणजे साधारण १,१५,००० रुपये. थांबण्याचं कारण म्हणून ही रक्कम छोटी आहे. पीएफ काढू नका, नव्या कंपनीत ट्रान्स्फर करा. पाच वर्षं सलग व्हायच्या आत काढला तर करही लागतो. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असल्याशिवाय, आणि नवं ऑफर लेटर हातात असल्याशिवाय राजीनामा नको. नोटीस पीरियड किती आहे ते आजच बघून ठेवा. तीन महिने असेल तर पुष्कळ कंपन्या तेवढं थांबत नाहीत, तेव्हा रक्कम भरून लवकर सुटता येतं का तेही.

पुढे बाळंतपणाचा विचार असेल तर एक सांगून ठेवते. रजेवरून परतलेल्या मुलींना ‘तिला त्रास नको’ म्हणून हलकं काम दिलं जातं. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि मुलीची दोन वर्षं त्यात जातात. रजेवर जाण्याआधीच परतल्यावर कोणतं काम हातात घेणार हे मेलवर लिहून ठेवायचं.

आणि हे सगळं करायची उमेदच उरली नसेल, झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, सुट्टीच्या दिवशीही काही करावंसं वाटत नसेल, तर ईसीएनची शीट बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ वर आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

राहिला नवऱ्याचा सल्ला. आयटीत जाणं चूक नाही, पण तिथे तुम्ही २८ व्या वर्षी बाविशीतल्या मुलांच्या रांगेत उभ्या राहाल. सीडॅक या सरकारी संस्थेचा डिप्लोमा करायचा तर आधी प्रवेशपरीक्षा, मग सहा महिने पूर्णवेळ, म्हणजे नोकरी सोडून. आणि पहिलं प्रोजेक्ट सपोर्टचं मिळालं, दिवसभर तिकिटं बंद करायची, तर रिव्हिजन आणि तिकीट यात मला तरी फारसा फरक दिसत नाही. कोडिंग खरंच आवडतं का हे तपासायला जावाचा क्लास कशाला हवा? ईसीएनची ती यादी पार्ट नंबरवर लावायचं काम ऑफिसच्याच मशीनवर, आयटी विभागाला विचारून, पायथॉनमध्ये करून बघा. नवरा शिकवेल. महिन्याभराने ब्रॅकेटपेक्षा त्या स्क्रिप्टमध्येच जास्त रमताय असं दिसलं, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा माझं उत्तर वेगळं असेल.